तसूभर

मार्च. तुर्कूच्या दवाखान्यात
डॉक्टर कॉर्पेला पडद्यावर माझी पाठ उजळतात.
चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये बसवलेली ती पेटी,
साखरेच्या वडीएवढी,
मागे सरकली आहे. चार मिलिमीटर.
वरच्या स्क्रूभोवती काळी कडा,
हलत्या खुंटीभोवती भिंत पोकळ होते तशी.

"हाड जुळलं नाही," ते म्हणतात.
पोरगेलेसे, नखं कुरतडलेली.
मला कशाला सांगायला हवं?
एकतीस वर्षं मी जहाजांच्या पोटाखाली उताणी पडून
पोलादाला पोलाद जोडलं.
न धरलेला जोड मी अंधारातही ओळखते.

आधी कळलं ते सपातेला.
जानेवारीत सौनाकडे जाताना
डावी सपाता बर्फातच राहिली
आणि मी पाचेक पावलं पुढे, अनवाणी.
पायाला पत्ताच नाही.
मागून इल्ता ओरडली, "आई, तुझं काहीतरी सांडलं!"
मग पाऊल फटफट वाजायला लागलं फरशीवर,
आणि रात्री पोटरीत
बुटात ठिणगी शिरावी तसं.
ठिणगी निदान विझायची.

पुन्हा उघडू, डॉक्टर म्हणतात.
पेटी काढू, मोठी घालू, लांब स्क्रू,
कमरेचं हाड खरवडून भरू.
धोके मोजतात बोटांवर: नस, रक्त, जंतू.
मी मान डोलावते.
आमच्याकडेही हेच. फसलेला जोड खरवडायचा,
लख्ख होईस्तोवर घासायचा, परत भरायचा.
त्यात लाज नसते.

लाज निराळी.
सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर, शिफ्ट सुटायला दहा मिनिटं,
एका फेरीबोटीच्या तळाला
माझ्या जोडात बुडबुडा राहिला.
मला दिसला.
मी वरून एक थर ओढला, लोण्यासारखा.
तपासनिसानं खडूनं बरोबरची खूण केली.
ती बोट अजून बेटांकडे जाते.
तिचा भोंगा ऐकला की
हातातला चमचा मध्येच थांबतो.

"सिगारेट सोडली होती ना?
धुरानं हाड धरत नाही."

सौनामागे, लाकडांच्या ढिगाआड, रोज दोन.
ऑपरेशननंतरही.
यार्डात म्हणायचे, ही बाई
दिल्या शब्दावरून तसूभर हलायची नाही.

मी पडद्यावरच्या पेटीकडे बघते.
"सोडली होती."

ते लिहून घेतात.
बंदराकडून भोंगा.