सातवा मजला, अल नाहदा

कुलूप मी सात वेळा ओढून बघते.
समोरच्या फ्लॅटमधला झुबेर
किल्ली आतच विसरतो
आणि वॉचमनशी मोडक्या मल्याळममध्ये गप्पा मारत बसतो.

शारजात ऑगस्ट. काचांना बाहेरून घाम.
लिफ्टच्या दारात चप्पल अडकवून तो थांबलाय,
लिफ्ट कोकलतेय.

‘लागलंय गं’ असं म्हणत नाही.
डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, धीर द्यायचा नाही.
आणि हे कुणाला? झुबेरला,
ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही!
ओठ मिटून अंगठ्याकडे बघत राहतो.

पाच.
हात पुन्हा कडीकडे जातो.
छातीत काहीतरी आपटतंय.
हात तसाच हवेत ठेवून
मी वळते.

खाली जाताना तो खिसे चाचपतो,
माझ्याकडे बघतो.
मी हसले की रडले,
तिसऱ्या मजल्यापर्यंत कळलं नाही.