परिचय, शंभर शब्दांत

साहेब म्हणाले, दमयंतीबाई ओढेकरांचा परिचय लिहून द्या,
शंभर शब्दांत, उद्या बारापर्यंत.
पर्यावरण पुरस्कार आहे. तुम्ही त्यांचे विद्यार्थी ना?

होय. चौथी ब, म्हसरूळची शाळा.
आता महापालिकेत, बांधकाम विभाग.

जन्म ओढ्याचा. इथवर सोपं आहे.
मग नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात नऊ वर्षं,
कोऱ्या नोटा मोजायच्या.
एवढा पैसा हातातून गेला, म्हणायच्या,
पण एकाही नोटेला मातीचा वास नव्हता.
तिशीत नोकरी सोडली, डी.एड. केलं,
घरचे दोन वर्षं बोलत नव्हते.
मग आमच्या बाई.
मग सुट्ट्यांमध्ये पेठ-सुरगाण्याकडे, एस.टी.च्या मागच्या बाकावर,
नागली, वरई, खुरासणीचं बियाणं
श्रीखंडाच्या डब्यांत, राखेत पुरून.
मग तांबट आळीत कल्हई शिकणारी एकटी बाई,
कारण भांडं टाकायचं नसतं
हे फळ्यावर लिहून कुणाला कळत नाही.
मग सिडकोत तिसऱ्या मजल्यावर गांडुळं.
सोसायटीची नोटीस. नोटिशीच्या पाठीवर
खत कसं करावं त्याची कृती,
आणि ती पुन्हा सोसायटीच्याच फलकावर.

ऐंशी शब्द झाले, आणि काय लिहू?
शिक्षिका, की कल्हईवाली?
दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून
फवारणीच्या रिकाम्या बाटल्या मोजत हिंडणारी
ती पावतीपुस्तकवाली बाई कुठे बसवू?

एक गोष्ट लिहिणार नाही.
वैशाखात बाईंनी वर्ग नदीवर नेला होता.
पात्र आटलेलं, डबक्यांत शेवाळ.
पपईच्या देठाची पोकळ नळी प्रत्येकाच्या हातात,
एक टोक कुंडाच्या तळाशी ओल्या वाळूत, दुसरं कानात.
मुलं खिदळत होती. मला ऐकू आलं,
खाली कुणीतरी दुधात फुंकर घालतंय.
वहीत लिहिलं, आज मी झरा ऐकला.
दहापैकी सात मिळाले,
ऱ्हस्व-दीर्घाचे तीन कापले.

अठरा वर्षांनी त्याच जागी
पंधरा सेंटिमीटर जाडीचं काँक्रीट ओतलं.
मोजमाप वहीत सही माझी आहे,
ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर.

बाई आल्या होत्या साइटवर, छत्री घेऊन,
मागे आठ-दहा मुलं.
मी उत्तरं तयार ठेवली होती, आराखडा, मंजुरी, पर्वणीची गर्दी.
त्यांनी एवढंच विचारलं,
यावर पाणी किती दिवस मारणार?
एकवीस दिवस, बाई.
कुठून आणतोस?
टँकरनं.
बाईंनी मान हलवली,
जशी बरोबर उत्तराला हलवायच्या.
मग मुलांना म्हणाल्या,
हा माझा विद्यार्थी.
याचा कान फार चांगला होता.

कार्यक्रम झाला. परिचय निवेदिकेनं वाचला,
ओढ्याचं ओढा केलं, खुरासणी गाळली.
बाईंनी पुष्पगुच्छाचं प्लास्टिक सोडवलं,
चार घड्या घातल्या, पर्समध्ये टाकलं,
फुलं शेजारच्या शिपायाला दिली.
माझ्याकडे पाहून हसल्या की नाही, नक्की सांगता येत नाही,
मध्ये साहेब उभे होते.

रात्री होळकर पुलाखाली गेलो.
नळी मिळाली नाही, नुसताच कान टेकवला.
वरून रिक्षा जात होत्या. बाकी
माझ्याच रक्ताचा आवाज.
उठताना तळहात ओला लागला.
दोन पट्ट्यांच्या सांध्यात, बोटभर लांब.
मे महिना, आवर्तन बंद,
वर आभाळात काही नाही.

देखभालीच्या नोंदवहीत याला
गळती म्हणतात.
आठवड्यात बुजवायची असते.

मी नोंद केली नाही.