पाचवा मजला, खिडकी नाही

सगळ्यात स्वस्त खोली घेतलीय, हे आधीच सांगते.
पाचवा मजला, मधली ओळ, खिडकी नाही.
खिडकीचे पैसे वेगळे, गॅलरीचे त्याहून वेगळे,
आणि समुद्र काय, कुठूनही तोच, असं हे म्हणाले
पोर्ट रशीदच्या रांगेत, पासपोर्ट छातीशी धरून.
ह्यांचा व्हिसा संपायला अकरा दिवस होते.

आत पलंग, आरसा, टॉवेलचा घडी केलेला हत्ती,
भिंतीवर टीव्ही. एका चॅनलवर चोवीस तास
जहाजाच्या नाकावरचा कॅमेरा
समोरचं पाणी दाखवतो, आवाजाशिवाय.
तीच आमची खिडकी. रिमोटने उघडायची.

खोली आवरायला येतो तो पास्कोल, वेंगुर्ल्याचा.
पहिल्या दिवशी नुसतं गुड मॉर्निंग मॅडम.
दुसऱ्या दिवशी माझी पुडी फुटली गालिच्यावर,
तो वाकला, हुंगलं, आणि म्हणाला,
"काकी, कुळथाचा पीठ मां ह्या?"
तेव्हापासून आम्हाला दोन उश्या जास्त.

नवव्या मजल्यावर जेवण फुकट, पाणी विकत.
मी स्टीलची बाटली नळाखाली धरते
पाठ करून, तीर्थ चोरावं तशी.
इटालियन बायका उन्हात पडलेल्या,
आमसुलं घालावीत तशा, वेळेवर उलटत.
एक जर्मन म्हातारा पहाटे येऊन
खुर्चीवर टॉवेल टाकून जातो,
एसटीत रुमाल टाकावा तसा.
माणूस सगळीकडे कणकवली डेपोतलाच.

हे पाण्याकडे बघत नाहीत.
कठड्यावरून वाकून जहाजाची बाजू बघतात,
रंग कुठे फुगलाय, गंज कुठे सुटलाय.
"ही पुढच्या वर्षी गोदीत येणार बघ."
एकोणीस वर्षं ह्यांनी जहाजांची पोटं खरवडली
दुबईच्या सुक्या गोदीत,
शंख, शेवाळ, जुन्या रंगाचे पापुद्रे.
वरती काय असतं ते कधी बघावंसं नाही वाटलं?
"वरचा पास वेगळा," म्हणाले,
आणि आइस्क्रीमच्या रांगेत परत उभे राहिले.

पहिल्या रात्री
भिंतीत मिटवून ठेवलेली एक बर्थ
ह्यांच्या बोटांनी आपोआप शोधली.
खटका. खाली ओढली.
"तू झोप पलंगावर. मी वर."
खाली एवढा थोरला पलंग, दोघांचा, चादर ताणलेली,
आणि हे शिडी न लावता चढले,
पँट कडेला, पाकीट उशीखाली,
तोंड भिंतीकडे. दोन मिनिटांत घोरायला लागले.
मी दिवा घालवला.
असा काळोख आमच्या घाटीत अवसेलाही नसतो.

ह्यांच्या कॅम्पची वस्ती सोनापूर.
मुंबईला माझ्या माहेरी सोनापूर म्हणजे मसणवट,
म्हणून दर शुक्रवारी फोनवर
मी ते नाव टाळून विचारायची, "तिकडे बरं ना?"
बरं. आठ माणसं, एसी चांगला, काळजी करू नको.
खोलीला खिडकी नाही
आणि वरचा बंक आपला,
हे एकोणीस वर्षांत फोनवर आलं नाही.
मलाही विचारायचं सुचलं नाही.

तिसऱ्या रात्री मी चॅनल चालू ठेवला.
पडद्यावर काळं पाणी,
लांब कुठल्याशा तेलविहिरीची ज्योत
निरांजनाएवढी. हलत होती, की आम्ही हलत होतो.
"खाली या," म्हटलं. "जागा आहे."
वरून बराच वेळ काही नाही.
मग एक पाय लोंबला,
काळोखात शिडी चाचपत.
चढताना लागली नव्हती ती.

सकाळी पास्कोल विचारतो, वरची बर्थ मिटवू का?
मी ह्यांच्याकडे बघते.
हे पलंगावर बसून टीव्ही बघतायत, चहा गार होतोय.
धुक्यातून काचेचे उंच मनोरे.
"दोहा आलं," म्हणतात.
की आपण दोहाला आलो,
त्या चॅनलवर नीटसं कळत नाही.