ओळखीची खूण

नोव्हेंबर. सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर
आई तिसऱ्यांदा बोट पदराला पुसते.
यंत्र म्हणतं, ठसा जुळत नाही.
कारकून म्हणतो, मावशी, दुसरं बोट द्या.
दहा हायती, सावकाश घ्या की, ती म्हणते,
आणि मागच्या रांगेतले म्हातारे हवालदार
काठ्यांवर हनुवट्या टेकून हसतात.

माझ्या मांडीवर चादरीच्या दुकानातली पिशवी.
तिच्यात तीन पिढ्यांची डिस्चार्ज बुकं,
प्रत्येकात एक रकाना : ओळखीची खूण.

मसू वल्द धोंडू शिवशरण, भरती सन सतरा.
फोटो नाही. उंची, छाती, आणि
‘उजव्या भुवईवर व्रण.’
पणजोबांचा एवढाच चेहरा उरलाय आमच्याकडे,
एक भुवई, तीही कुणा साहेबाच्या तिरक्या अक्षरात.
घरातलं पोर कपाळ फोडून आलं
की आत्या म्हणायची, आला बघा मसू.
चार वर्षांची नोकरी. मग पलटणच मोडली,
बूट जमा करून घेतले,
आणि वेशीबाहेरच्या घरी तो अनवाणी परतला
कवायतीच्या चालीत.
कुठल्या बंदरावर पहारा केला
त्या ओळीवर पाणी सांडलंय.

तुळशीराम मसू, सन बेचाळीस. ‘गालावर देवीचे वण.’
बर्म्याहून आणली एक मच्छरदाणी, गोष्ट एकही नाही.
आजीनं ती कापली, जर्दा चाळायला घेतली.
वर्षभर विड्यांना ओल्या रानाचा वास येतो म्हणून
कारखान्यात छाट निघत राहिली.

रेवण तुळशीराम. ‘हनुवटीवर तीळ.’
हा तीळ मी पाहिलाय,
दर साली रजेच्या दिवसांपुरता.
एकाहत्तरच्या डिसेंबरात माझा जन्म व्हायचा होता.
रेडिओ शेजारच्या वेंकटय्यांकडे.
ते माग थांबवायचे, खटखट बंद,
आणि सगळी बोळ दाराशी उभी राहायची.
आई उभी राहिली नाही.
सूप मांडीवर, पोट सुपाच्या कडेला टेकलेलं.
बातम्यांच्या पंधरा मिनिटांत तिच्या पंचवीस विड्या होत.
त्या रात्री पुलाचं नाव आलं, पलटणीचं आलं,
आणि चाळीस झाल्या.
हे तिनं सांगितलं नाही कधी.
वेंकटय्यांच्या बायकोनं मोजल्या होत्या.

रोजच्या हजार, एकावन्न वर्षं.
पान कातरायचं, जर्दा भरायचा, दोरा ओढायचा,
आणि तोंड बोटाच्या टोकानं दाबून मिटायचं.
बोटांवरच्या रेषा अशाच गेल्या असतील
कुठल्यातरी बंडलातून, मालगाडीनं, परमुलखात.
कुणी ओढल्या असतील, राख झटकली असेल,
पुढे चालू पडला असेल.

डोळ्यांचं यंत्र आणलं. मोतीबिंदू काढलेला डोळा
त्यालाही ओळखू येईना.
शेवटी कारकुनानं जुना छापील कागद शोधला,
फुंकर मारून धूळ उडवली.
नाव सुगलाबाई रेवण शिवशरण. नातं पत्नी.
समक्ष हजर. जिवंत.
ओळखीची खूण?

आईनं माझ्याकडे पाहिलं.
मी तिचा चेहरा शोधला, कपाळ, गाल, हनुवटी,
एखादा डाग, काहीही,
जसं पहिल्यांदाच बघतेय.
शेवटी तिनं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले, उताणे.
त्यानं पेन बराच वेळ धरून ठेवलं.
मग लिहिलं : नाही.
आणि शिक्का मारला.

बाहेर भावाचा संघपाल गाडीवर बसलेला,
पार्क मैदानावरून तसाच आलेला, बनियन चिकटलेलं.
सोळाशे मीटर, पाच मिनिटं चाळीस, तो सांगतो.
अजून दहा सेकंद कमी करायची आहेत आजी,
मग चार वर्षांची नोकरी पक्की.
चार? म्हंजे मसूएवढीच.
कोण मसू? तो विचारतो, किक मारतो.
आई पदर खोचून मागे बसते,
त्याच्या खांद्यावर हात ठेवते,
आणि सात रस्त्याच्या गोंगाटात त्याच्या कानाशी ओरडून :
बूट तरी माघारी मागत न्हाईत ना रं आता?