झेरॉक्स काढून ठेवा

सकाळी बटण दाबून मी दूध आणायला जायचे.
परत येऊन, दूध तापवून, चहा गाळून
कप टेबलावर ठेवला की मग कुठे
कॉम्प्युटर डोळे किलकिले करायचा.
अकरा मिनिटं. एकदाच मोजली होती,
कुणाचा तरी प्रबंध त्या दिवशी विद्यापीठात पोचवायचा होता.

गेल्या मंगळवारी आतून आवाज आला.
टक्. थांबून, टक्.
पाल चुकचुकते तसा.
आणि जुन्नरच्या एका बाईंचं चौथं प्रकरण उघडेना.
(विषय : शेवग्याच्या शेंगांची बाजारव्यवस्था.
एकशे बारा तक्ते. सगळे मी आखलेले.)

भाचा म्हणाला, मावशी, ऑनलाइन मागव की,
अर्ध्या किमतीत दोन टीबी.
मी फोटो मोठा करून पाहिला.
कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं.
बावीस वर्षं प्रुफं तपासलीत मी,
मला तेवढंच दिसलं.

म्हणून बिबवेवाडीहून बस, पुढे चालत, तपकीर गल्ली.
एका बोळात जिना, जिन्यावर वायरींची भेंडोळी,
वर तांबोळींचं दुकान, दीड माणूस मावेल एवढं.
‘कशासाठी पाहिजे?’
‘टायपिंग.’
‘गेम?’
‘पत्त्यांचा. कधीतरी.’

त्यांनी काचेवर तीन खोकी मांडली
आणि त्यातलं सगळ्यात चकचकीत
स्वतःच परत उचलून ठेवलं.
‘वेग बघू नका, ताई. वेग सगळ्यांनाच आलाय आता.
लाइट गेल्यावर कोण काय विसरतं, ते बघा.
याच्याकडे स्वतःची वही आहे, कुठे काय ठेवलं त्याची.
तो दुसरा प्रत्येक वेळी आठवत बसतो.’
मला त्या दुसऱ्याबद्दल उगाच जवळीक वाटली.

मग चष्मा कपाळावर चढवून
खोक्याच्या पाठचं बारीक वाचलं त्यांनी :
तीनशे टीबी.
‘एवढं लिहून झालं की थकायला लागेल.
वाचून नाही थकत. कितीही वाचा.
झिजतं ते लिहिण्यानं.’

हे ते इतक्या सहज म्हणाले,
जसं, स्क्रू चार लागतील, माझ्याकडून घ्या.

मी तिथेच उभ्याउभ्या हिशेब केला.
एक प्रबंध फार तर चार एमबी.
वर्षाला साठेक. गुणिले बावीस.
जेमतेम पाच जीबी.
म्हणजे माझं सगळं आयुष्य
या नखाएवढ्या चिपांच्या एका कोपऱ्यात
पाय पसरून बसेल.
आधी माझं मनगट जाईल, तांबोळी,
हे तुमचं नाही झिजायचं.
‘विंडोज पण लिहीत असतं ना,’ ते म्हणाले,
‘रात्रंदिवस, काहीबाही, न सांगता.’

किंमत कमी झाली नाही.
स्क्रू फुकट मिळाले, कागदाच्या पुडीत,
शेंगदाणे देतात तसे.

रात्रभर जुन्यातून नव्यात ओतणं चाललं.
निळी पट्टी एकोणचाळीस टक्क्यांवर
इतका वेळ अडली, की मी तिच्याशी बोलले.
पहाटे चौथं प्रकरण उघडलं.
तक्ता क्रमांक सत्तर फक्त रिकामा :
चौकटी शाबूत, आकडे गेलेले.
बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, राहू द्या,
ते आकडे तसेही अंदाजाचेच होते.

आता बटण दाबते आणि चप्पल घालेपर्यंत
तो तयार असतो, टक लावून,
आवाज न करता.
मी तरीही दूध आणायला जाते.

बिल समोरच पडलंय.
हमी पाच वर्षांची, कागद मशिनमधून निघणारा गुळगुळीत,
त्यावरची शाई दिवाळीपर्यंत उडेल.
तांबोळींनी जिन्यातून ओरडून सांगितलं होतं,
ताई, झेरॉक्स काढून ठेवा.
खालच्या दुकानात दोन रुपये पडतात.
अजून गेले नाही.