पुदिका

मिनेझिस सर सेमिनरीतून अर्ध्यावर परतले होते.
झगा तिथंच ठेवला, लॅटिन तेवढी घेऊन आले,
आणि खानापूरच्या कॉलेजात आम्हाला वनस्पतीशास्त्र शिकवू लागले.

जांबोटीच्या रस्त्याकडेला उकिडवे बसून म्हणाले,
हात लाव.
लावला.
पानं मिटली, देठ मोडल्यासारखा खाली आला.

मायमोझा पुदिका.
विशेषण आहे हं, नावाच्या मागनं चालतं,
नावाचं लिंग धरतं.
मायमोझा बाई, म्हणून पुदिका.

बाप्या असता तर, सर?

पुदिकुस.
पण रोममध्ये बायकांच्याच थडग्यांवर फार:
लोकर कातली, घर राखलं, पुदिका.
ऐकायला ती नसायचीच म्हणा.

डबे धरून उभी निंगव्वा, लॅबमधली,
फणकारली: लाजतंय कुठलं?
मुट्टिदरे मुनी म्हणतो आम्ही.
शिवलं की रुसतंय ते.

सरांनी वहीत तेही लिहून घेतलं. कन्नड लिपीत,
तिला विचारून विचारून.

कानडी पेपराच्या घडीत मराठी पेपर,
त्यात रोपटं, वर दोन विटा.
कितीही जपून उपटा,
हर्बेरियममधली लाजाळू मिटलेलीच.
आमचाच हात वाळवून ठेवलाय तो, सर म्हणायचे.

लेबलवर 'संकलक' असा रकाना असे.
बत्तीस वर्षं सरांनी त्यात
पोरांची नावं घातली. एकदा: निंगव्वा यल्लप्पा तळवार.
त्यांचं स्वतःचं मी शोधलं परवा,
कपाटं रिकामी करताना.
एका शीटवरही नाही.

बहिणीनं गोव्याहून फोन केला,
दगडावर नावाखाली एक ओळ बसते,
तूच सांग काय ते. तू त्यांची विद्यार्थिनी.
'आदर्श शिक्षक' लिहून पाहिलं.
सर असते तर रुसले असते.

दगड घडवणारा पिराजी पाथरवट
माझी चिठ्ठी उलटीसुलटी करून बघतो.
इंग्रजी नव्हे हे?
नव्हे.
मग अर्थ काय, बाई?

मी सांगायला जाते, विनयी, लाजरा, शीलवान,
एकेक शब्द जिभेवर येतो आणि मिटतो.

नावाच्या मागनं चालणारं, म्हणते.

तो मान हलवतो, खडूनं रेघ मारतो,
बोटानं मोजतो.
सातच अक्षरं की.
अक्षराला चाळीस पडतील.