डावीकडे

या वर्षी मी अकरा सिनेमे पाहिले,
सगळे ठाण्यातच, रात्रीच्या शेवटच्या खेळाला,
दवाखान्याचं शटर ओढल्यावर.
गोष्ट विचाराल तर एकाचीही धड सांगता येणार नाही.
माणसं बोलत असतात तेव्हा मी त्यांच्या मागचं बघते:
बैलाची वेसण सैल आहे ना,
शेळीच्या डोळ्यांवर दिवा फार जवळ तर नाही.
परवानगीच्या कागदावर सही माझी असते.
इजा झाली नाही, ही ओळ पडद्यावर दोन सेकंद येते,
लोक तोवर खुर्ची शोधत असतात.
मी ती दर वेळी पूर्ण वाचते.

मार्चमधल्या सिनेमात कुत्रा मेला.
अख्खं थिएटर मुसमुसत होतं, शेजारच्या काकांनी
चष्मा काढून शर्टाला पुसला.
मी बघत होते शेपटीचं टोक.
चादरीखालून, एकदाच, हललं.
मागून एक पोरगं ओरडलं, "हलली!"
आई म्हणाली, गप.
पोरा, तुझंच बरोबर होतं.
घरी त्याला चिवडा म्हणतात,
डाव्या कानामागे गोचीड होती, मी काढली.

कावळ्याला कोणी बोलावलंच नव्हतं.
उपवनच्या काठावर पिंडाचं दृश्य,
कावळा नंतर संगणकावर बसवायचा ठरलेला,
नट अजून मिशी चिकटवत होता
तेवढ्यात खराखुरा आला, भाताला चोच मारली, गेला.
ना करार, ना सही.
दिग्दर्शक डोकं धरून बसला.
पडद्यावर शेवटी उतरला तो गुळगुळीत,
पीस न् पीस जागच्या जागी
आणि भुकेचा पत्ता नाही.

वाघाबद्दल मात्र वर्षभर सगळे बोलले.
तो ऐरोलीत जन्मला, काचेच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर,
रात्रपाळीच्या पोरांनी केस न् केस विंचरून काढला त्याचा.
त्यातलाच ओजस टिपणीस मांजर घेऊन आला लसीला,
मनगटभर ओरखडे.
म्हणाला, "डॉक्टर, वाघाची जांभई हिचीच आहे."
तेव्हापासून मला तो वाघ आवडायला लागला.
(येऊरचा बिबट्या कुठल्याच सिनेमात नाही.
रात्री येतो, कोंबडी नेतो,
श्रेयनामावलीत नाव मागत नाही.)

पण म्हैस.

डिसेंबरात आला तो सिनेमा.
नायिका तिच्या गळ्यात पडून रडते,
आणि म्हैस हळूच मान वळवते, डावीकडे,
आणि बघत राहते. कितीतरी वेळ.
लोक म्हणाले, काय करुणा आहे त्या डोळ्यांत.
एकाने लिहिलं, ती भवितव्याकडे बघते आहे.

डावीकडे हिराजी वैती उभा होता,
कोलशेतच्या खाडीच्या चिखलात घोट्यापर्यंत,
हातात पेंडीची बादली.
ती तो नुसती हलवायचा, इतकीच, की आवाज
माईकला कळू नये आणि तिला कळावा.
"तिला क्यामेरा नाय दिसत, डाक्टर," म्हणायचा,
"तिला मी दिसतो."

हिराजी भाद्रपदात गेला.
तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी गाडीतच.
सिनेमा त्याने पाहिला नाही.

मी त्याच्या बायकोला घेऊन गेले, गोदीबायला.
नवी साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत कशाला कोण जाणे
घरचे दोन लाडू.
रडणाऱ्या नायिकेकडे तिने बघितलं नाही.
म्हशीकडेही फार नाही.
पडदा संपतो त्याच्या पलीकडे,
नुसती काळी भिंत होती तिकडे, तिथे बघत राहिली,
आणि माझ्याकडे न वळता विचारलं,
"बादली कंची? निळी का पत्र्याची?"

मी म्हटलं, "दिसत नाही हो."

"पत्र्याचीच," ती म्हणाली.
"निळीला ती मान वळवत नाय."